बिल्ड सुरू झालं की अख्खं मशीन गोठतं. स्वॅप बंद केल्यावर तर जास्तच

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

सी++ चा बऱ्यापैकी मोठा प्रोजेक्ट आहे, सीमेक आणि निंजा या बिल्ड साधनांवर चालतो. लॅपटॉपला १६ जीबी रॅम, ८ कोअर म्हणजे १६ थ्रेड, एनव्हीएमई एसएसडी. सध्या डेबियन १३ लिनक्स आणि ग्नोम डेस्कटॉप. आधी डेबियन १२ होतं, त्यावरूनच अपग्रेड केलंय.

डीबग बिल्ड लावलं की सुरुवातीला सगळं ठीक असतं. शेवटी शेवटी, लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणं) सुरू झालं की माउसचा बाण अडखळायला लागतो, मग जागीच थांबतो. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून दुसऱ्या कन्सोलवर जाता येत नाही. दुसऱ्या मशीनवरून एसएसएच केलं तर कनेक्शन लागतं, पण प्रॉम्प्ट काही येत नाही. कधी बराच वेळ वाट पाहिली की आपोआप जागं होतं आणि टर्मिनलमध्ये लिंकर मारला गेल्याचा मेसेज दिसतो. बहुतेक वेळा मात्र पॉवर बटण दाबून धरण्याशिवाय इलाज नसतो.

आतापर्यंत केलेलं: मेमटेस्ट रात्रभर चालवला, एकही एरर नाही. तापमान ठीक आहे. ऑफिसातल्या एकाने सांगितलं की स्वॅपमुळे (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) एसएसडी झिजते आणि मशीनही मंदावतं, म्हणून एफएसटॅब या सेटिंग फाइलमधली स्वॅपची ओळ काढून टाकली. तेव्हापासून गोठणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय! डेबियन १२ वर हा त्रास क्वचित व्हायचा.

हार्डवेअर बिघडलंय का? की कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलून बघू?

शेलशिंपी

३२ जीबी रॅम टाका. विषय संपला.

अर्धविराम

@शेलशिंपी, रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे हो. नाहीतर धागा काढलाच नसता.

बिल्डवाली

हार्डवेअर नाही, कर्नलही नाही. पण अंदाजाने काही सांगण्यापेक्षा आधी एक करा: बिल्ड चालू असताना, लिंकिंगच्या जरा आधी, फ्री कमांड डॅश एच लावून चालवा आणि सगळे कॉलम इथे टाका. विशेषतः शेअर्ड. तो कॉलम कोणी बघत नाही.

अर्धविराम

घ्या. टोटल १५ जीबी, यूज्ड ११, फ्री ०.५, शेअर्ड ४.६, बफ/कॅश ८.३, अव्हेलेबल ३.९. स्वॅपच्या ओळीत सगळी शून्यं.

बिल्डवाली

शेअर्ड ४.६ जीबी. ग्नोम आणि ब्राउझर मिळून फार तर काहीशे एमबी वापरतात. तुमची बिल्ड डिरेक्टरी /टीएमपी मध्ये आहे, बरोबर ना?

असेल तर डेबियन १२ आणि १३ मधला फरक तिथेच आहे. डेबियन १३ पासून /टीएमपी डिस्कवर राहत नाही, ती टीएमपीएफएस असते, म्हणजे थेट रॅममध्ये, आणि रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढू शकते. वेगळं पार्टिशन केलेलं नसेल तर अपग्रेड केलेल्या मशीनवरही रीबूटनंतर हेच लागू होतं. फेडोरामध्ये हे आवृत्ती १८ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे, त्यामुळे तिकडच्या लोकांना सवय झालीय. तुमच्या सगळ्या डॉट-ओ म्हणजे ऑब्जेक्ट फाइल्स, डीबग माहितीसकट, रॅममध्ये जाऊन बसतात. ती जागा शेअर्डमध्ये दिसते. वर मेख अशी की ती बफ/कॅशमध्येही मोजली जाते, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला ‘कॅशच तर आहे, लागली की सुटेल’ असं वाटतं. साधी फाइल कॅश सुटते, कारण तिची प्रत डिस्कवर असते. टीएमपीएफएसच्या पानांची (मेमरीच्या छोट्या तुकड्यांची) प्रत कुठेच नसते. ती फक्त स्वॅपमध्ये जाऊ शकतात, आणि स्वॅप तर तुम्ही काढून टाकलाय.

तेव्हा पहिलं काम, बिल्ड डिरेक्टरी होममध्ये न्या. /टीएमपी पूर्वीसारखी डिस्कवरच हवी असेल तर सिस्टमसीटीएलने टीएमपी-डॉट-माउंट हे युनिट मास्क करून रीबूट करा. मी तसं करत नाही. छोट्या तात्पुरत्या फाइल्ससाठी रॅम चांगलीच आहे, गीगाबाइटभर ऑब्जेक्ट फाइल्स ठेवायची ती जागा नव्हे.

आता स्वॅपबद्दल. माझं काम बिल्ड मशीन सांभाळण्याचं आहे आणि ‘स्वॅप बंद करा, मशीन पळेल’ म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

रॅम संपत आली की कर्नल जागा कुठून काढतो? त्याच्याकडे ढोबळमानाने दोन प्रकारची पानं असतात. एक, प्रोग्रॅमने मागून घेतलेली मेमरी: हीप, स्टॅक वगैरे. ती हलवायला स्वॅप लागतो. दुसरी, डिस्कवरच्या फाइल्समधून वाचलेली पानं. ती बिनदिक्कत टाकून देता येतात, लागली तर पुन्हा वाचता येतात. या दुसऱ्या प्रकारात चालू प्रोग्रॅमचा स्वतःचा कोडसुद्धा येतो! ग्नोम शेलचा कोड, एसएसएच सर्व्हरचा कोड, बॅशचा कोड. स्वॅप नसला की पहिल्या प्रकाराला हात लावता येत नाही, मग कर्नल दुसऱ्या प्रकाराच्या मागे लागतो. तुम्ही माउस हलवता, त्यासाठी ग्नोम शेलचं एक पान डिस्कवरून वाचावं लागतं. त्याला जागा करायला दुसरं पान टाकलं जातं, पुढच्याच क्षणी तेच लागतं. एक ओळ वाचायची, पुस्तक कपाटात ठेवायचं आणि पुढच्या ओळीसाठी पुन्हा उठायचं, असा प्रकार. तुमचं एसएसएच कनेक्शन लागून प्रॉम्प्ट न येण्याचं कारण हेच. कर्नल जिवंत आहे, जोडणी घेतो. पुढे शेल उभा करायला जो कोड लागतो तो रॅममध्ये टिकतच नाही.

‘मग ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) काय करतोय?’ तो वाट बघतोय. पानं मोकळी करण्यात काहीच प्रगती होत नाही असं कर्नलचं ठाम मत झालं तरच तो उठतो. आणि इथे तर प्रगती होतच असते ना, पान टाकलं, पान आणलं. एनव्हीएमई जितकी वेगवान तितका हा खेळ जास्त लांबतो. कधीकधी मशीन आपोआप जागं होतं म्हणालात, तेव्हा शेवटी एकदाचा त्याने लिंकर उडवलेला असतो. खात्री करायची तर जर्नलसीटीएल डॅश के आणि डॅश बी उणे एक अशी मागच्या बूटची कर्नल नोंद काढा. ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ असं सापडेल. पॉवर बटणाने बंद केलेल्या वेळांची नोंद बहुधा अर्धवटच असेल, लॉग लिहिणाऱ्यालाही डिस्कपर्यंत पोचता आलं नसेल.

स्वॅप असला की कर्नलला निवड मिळते. सकाळपासून न उघडलेल्या ब्राउझर टॅबची मेमरी बाहेर काढायची आणि कोड आत ठेवायचा. म्हणून स्वॅप परत चालू करा. एसएसडी झिजण्याची चिंता असेल तर झेडरॅम वापरा, त्यात स्वॅप रॅममध्येच असतो पण दाबून ठेवलेला. फेडोरा ३३ पासून, म्हणजे २०२० पासून, तिथे हेच डिफॉल्ट आहे. डेबियनवर झेडरॅम-टूल्स हे पॅकेज घ्या, /ईटीसी/डिफॉल्ट/झेडरॅमस्वॅप या फाइलमध्ये पर्सेंट ५० आणि अल्गो झेडएसटीडी करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा. बिल्डच्या मधोमध झेडरॅमसीटीएल चालवलंत की डेटा आणि कॉम्प्र हे दोन कॉलम शेजारी दिसतील. कंपायलरची मेमरी साधारण दुपटी-तिपटीने दबते. सोबत स्वॅपिनेस (कर्नलचा स्वॅपकडे किती कल असावा तो आकडा) वाढवा. डिफॉल्ट ६० आहे, तो फिरत्या डिस्कच्या काळातला. कर्नल ५.८ पासून ही मर्यादा २०० पर्यंत गेली ती मुख्यतः अशा रॅममधल्या स्वॅपसाठीच. मी १८० ठेवते. एकच खबरदारी, झेडरॅमवर हायबरनेट होत नाही. ते लागत असेल तर डिस्कवरचा स्वॅप राहू द्या.

एवढं करूनही मूळ गणित बाकी राहतंच. निंजा डिफॉल्टने थ्रेडच्या संख्येत दोन मिळवून तेवढी कामं एकदम लावतो. तुमच्याकडे म्हणजे १८. टेम्प्लेट भरभरून वापरणाऱ्या फाइलला सीसी१प्लस, म्हणजे सी++ कंपायलर, सहज एक जीबी खातो, आणि डीबग माहितीसकट लिंकिंग असेल तर एकेक लिंकर कितीतरी जास्त. कंपाइल बऱ्यापैकी निभावतं, पण शेवटी टेस्टची दहा-बारा एक्झिक्युटेबल एकदम लिंक व्हायला येतात आणि तिथे गाडी अडते. सगळ्या बिल्डला कमी डॅश जे (एकदम किती कामं हा आकडा) देऊन हळू करायची गरज नाही. सीमेकमध्ये जॉब पूल असतात, फक्त निंजासोबत चालतात. लिंकसाठी वेगळा पूल करा, त्याला २ ची मर्यादा द्या, कंपाइल आहे तसं १८ वर राहू द्या. शिवाय कंपायलरला जीस्प्लिट-ड्वार्फचा पर्याय द्या. डीबग माहिती मग वेगळ्या डीडब्ल्यूओ फाइल्समध्ये राहते, लिंकरला ती गिळावी लागत नाही. माझ्याकडे सगळ्यात जास्त फरक या दोन गोष्टींनी पडला.

आणि शेवटचं, जे मी प्रत्येक नव्या मशीनवर सगळ्यात आधी करते: बिल्डला कुंपण. सिस्टमडी-रनला यूजर आणि स्कोप हे दोन पर्याय द्यायचे, मग डॅश पी ने मेमरीमॅक्स १० जी, परत डॅश पी ने मेमरीस्वॅपमॅक्स २ जी, आणि त्यापुढे तुमची नेहमीची निंजाची कमांड. रूट लागत नाही. बॅशआरसीमध्ये याचं एलियास करून ठेवलंय, त्याचं नावच कुंपण. मग कुंपण निंजा, कुंपण मेक, कुंपण कार्गो, काहीही. बिल्डने १० जीबी ओलांडले की ओओएम किलर फक्त त्या सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटाच्या) आत फिरतो. टर्मिनलमध्ये ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस’ असं येईल, निंजा थांबेल, तुमचा एडिटर आणि ब्राउझर जागच्या जागी. स्वॅपमॅक्स विसरू नका, ते नसेल तर मेमरीमॅक्सला भिडलेली बिल्ड सगळा स्वॅप ओरबाडून घेते. आणि कुंपणातली बिल्ड /टीएमपी मध्ये जे लिहील तेही त्याच १० जीबीत मोजलं जातं, म्हणून ती डिरेक्टरी आधी हलवा.

कर्नलकट्टा

बहुतेक सगळ्याला +१. एकच भर. डिस्कवर स्वॅप पार्टिशन आहेच तर झेडरॅमपेक्षा झेडस्वॅप (डिस्कवरच्या स्वॅपच्या आधी रॅममध्ये दाबून ठेवणारी कॅश) बघा. झेडरॅम एकदा भरला की त्यात आधी आलेली थंड पानं ठाण मांडून बसतात आणि नंतरची, कदाचित जास्त गरजेची, पानं डिस्कवर जातात. झेडस्वॅप जुनी पानं स्वतःहून डिस्ककडे ढकलतो. दोन्ही एकदम मात्र चालू ठेवू नका, दोनदा दाबण्यात काही हशील नाही.

बिल्डवाली

मान्य. हायबरनेट लागणाऱ्यांना तर झेडस्वॅपच. ज्यांच्याकडे डिस्क-स्वॅप नाही त्यांना मी झेडरॅम सांगते, कारण दोन ओळींत काम होतं.

पायपलाइन

एवढा खटाटोप कशाला? सिस्टमडी-ऊमडी लावा नाहीतर अर्लीऊम. गोठायच्या आधीच कोणालातरी मारतात.

बिल्डवाली

@पायपलाइन, ‘कोणालातरी’ हाच तर घोळ आहे. ऊमडी एक प्रोसेस मारत नाही, अख्खा सीग्रुप मारतो. उबुंटू २२.०४ ला ते डिफॉल्ट आलं तेव्हा लोकांचे ब्राउझर ऐन कामात उडत होते, त्या तक्रारी आठवत असतील. आणि टीमक्समध्ये (एका टर्मिनलात अनेक शेल) बिल्ड चालवत असाल, त्यातल्या सगळ्या खिडक्या एकाच सीग्रुपमध्ये असतील, तर बिल्डबरोबर तुमचं अख्खं सेशन जातं. उघडलेले लॉग, अर्धवट लिहिलेली कमिट, सगळं.

अर्लीऊम मला आवडतं, साधं आहे. मोकळी मेमरी आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांच्या खाली गेले की सिगटर्म (बंद हो अशी सूचना), ५ च्या खाली गेले की सिगकिल (थेट मारणं). प्रेफर आणि अव्हॉइड हे दोन पर्याय जरूर भरा. प्रेफरमध्ये सीसी१प्लस आणि लिंकर, अव्हॉइडमध्ये ग्नोम शेल आणि एसएसएच. कुंपणाबाहेर काही घडलं, समजा एडिटरला मदत करणारा एखादा लँग्वेज सर्व्हरच फुगला, तर त्यासाठी दुसरी फळी म्हणून ठेवा. पहिली फळी नाही.

अर्धविराम

बिल्डवाली, बिल्ड डिरेक्टरी /टीएमपी मध्येच होती! रीबूट केलं की आपोआप साफ होते म्हणून मुद्दाम तिथे ठेवली होती. होममध्ये हलवली, शेअर्ड लगेच ०.३ वर आला. झेडरॅम लावला, लिंक पूल २ केला. साधी डीबग बिल्ड आता ब्राउझर उघडा ठेवून आरामात पार पडते. मागच्या बूटच्या लॉगमध्ये तो किल्ड प्रोसेसचा मेसेजही सापडला.

एक कोडं उरलंय. रिलीज बिल्ड आम्ही डॉकरच्या कंटेनरमध्ये करतो, ग्लिबसी या सी लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीसाठी. तिला ‘कुंपण डॉकर रन’ असं चालवलं तर मर्यादा लागतच नाही. डॉकर स्टॅट्समध्ये १२ जीबीच्या वर गेलेलं दिसलं आणि मशीन परत अडखळायला लागलं.

बिल्डवाली

लागणार नाहीच. तुम्ही चालवता ती डॉकर कमांड म्हणजे नुसता निरोप्या. खरा कंटेनर डॉकरचा डेमन (मागे चालू असणारी सर्व्हिस) उभा करतो, आणि त्याचा सीग्रुप तुमच्या स्कोपच्या बाहेर, वेगळ्या फांदीवर असतो. तुम्ही निरोप्याभोवती कुंपण घातलंय.

डॉकर रनला स्वतःचा मेमरी पर्याय आहे, तो द्या: १० जी. डॉकर आपणहून काहीच मर्यादा घालत नाही. सोबत मेमरी-स्वॅप द्या, पण तिथे जरा जपून. डॉकरचा मेमरी-स्वॅप म्हणजे रॅम आणि स्वॅप यांची बेरीज, सिस्टमडीसारखा नुसता स्वॅप नाही. १० जीबी रॅम आणि २ जीबी स्वॅप हवा असेल तर तिथे १२ जी लिहायचं. ते न लिहिता नुसती मेमरी दिलीत तर मेमरीइतकाच आणखी स्वॅप वापरायला परवानगी मिळते. आतल्या निंजालाही डॅश जे हाताने द्या. आणि लिंक पूल सीमेकच्या प्रीसेटमध्ये टाकून रेपोत कमिट करा, म्हणजे कंटेनरच्या आतही तोच लागू होईल.

शेलशिंपी

अवांतर: गोठलेलं असतानाच सोडवायचा काही उपाय आहे का? पॉवर बटण दाबून फाइलसिस्टमचं वाटोळं होईल अशी धास्ती वाटते.

कर्नलकट्टा

मॅजिक सिसआरक्यू. ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून एफ दाबलं की ओओएम किलर तिथल्या तिथे धावतो, त्याला ग्नोम शेल जागं असण्याची गरज नाही, थेट कर्नलच ऐकतो. फक्त बऱ्याच डिस्ट्रोंवर एफ बंद ठेवलेलं असतं. /प्रॉक/सिस/कर्नल/सिसआरक्यू या फाइलमध्ये १ असेल तर सगळं चालू. नसेल तर त्या आकड्यात ६४ चा बिट असावा लागतो. उबुंटूवर १७६ असतो, म्हणजे १२८, ३२ आणि १६. त्यात ६४ नाही, म्हणून तिथे एफ चालत नाही. सिससीटीएल-डॉट-डी मध्ये एक फाइल टाकून २४० करा. काही लॅपटॉपवर सिसआरक्यूला एफएन सुद्धा धरावं लागतं, ते आधी शांतपणे तपासून ठेवा.

बिल्डवाली

आणि एफ चालत नसेल तर निदान एस, यू, बी या क्रमाने दाबा: सिंक, रीड-ओन्ली माउंट, रीबूट. हे तिन्ही १७६ मध्ये चालू आहेत. प्रत्येक अक्षरानंतर दोन-तीन सेकंद थांबा, एस ला डिस्कवर लिहायला वेळ लागतो.

अर्धविराम, डॉकरची बिल्ड चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये /प्रॉक/प्रेशर/मेमरी ही फाइल वॉच कमांड लावून बघा. त्यातल्या ‘फुल’च्या ओळीतला एव्हीजी१० हा आकडा म्हणजे गेल्या दहा सेकंदांत किती टक्के वेळ सगळीच कामं मेमरीसाठी अडून होती. शून्याच्या आसपास राहिला तर १० जी बरोबर आहे. दोन आकडी झाला तर लिंक पूल १ वर आणा आणि इथे कळवा.